एमसीए आणि एलएलबी एकत्र करता येईल का?

प्रश्न : मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केले आहे. सायबर कायद्यात काम करायचे आहे. एमसीए आणि तीन वर्षांची एलएलबी एकाच वेळी करता येईल का?
– एक वाचक, वडखळ (ता. पेण)

उत्तर : येईल, पण दोन्ही नियमित नाही. एप्रिल २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली, ती ऐकून अनेकांची गल्लत होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या परिषदेचे नियमही लागू असतात. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनुसार एलएलबी करताना दुसरी नियमित पदवी घेता येत नाही. दूरशिक्षणाला मात्र सूट आहे.

म्हणून एलएलबी नियमित ठेवा आणि एमसीए ‘इग्नू’सारख्या मान्यताप्राप्त दूरशिक्षण संस्थेतून करा. उलटे जमणार नाही, कारण दूरशिक्षणाच्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. एलएलबीसाठी राज्याची सीईटी द्यावी लागेल. वर्गात ७० टक्के हजेरी लागते, त्यामुळे वडखळहून रोज जाता येईल असेच महाविद्यालय निवडा. अलिबागला विधी महाविद्यालय आहे.

दोन्हींच्या परीक्षा एकाच सुमारास येऊ शकतात. एमसीएचे विषय थोडे थोडे करून घ्या. विज्ञान आणि कायदा यांची सांगड घालणारा आणखी एक पर्याय आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी चालते, एलएलबी लागत नाही. तोही मार्ग पाहा. प्रवेशापूर्वी दोन्ही संस्थांकडून लेखी खात्री करून घ्या. तोंडी आश्वासनावर फी भरू नका.