पावती हरवली, ठेकेदाराने दावा लावला

प्रश्न : वकीलसाहेब, मी सुरतच्या नवागाममध्ये राहतो आणि रिंग रोडवरच्या कापड मार्केटात कामाला आहे. लग्नासाठी गावी, अमळनेरला जाताना मोटारसायकल एका खासगी ‘पे अँड पार्क’मध्ये लावली. सहा दिवसांनी परतलो तर पावती सापडेना. आरसी आणि आधार दाखवलं, सहा दिवसांचं भाडं फोनवरून भरलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पावती हरवल्याचा दंड ५०० रुपये वेगळा. तो मी दिला नाही. बाचाबाची झाली आणि मी गाडी घेऊन निघालो. नंतर वकिलाची नोटीस आली, तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आता दंड, व्याज आणि खर्च धरून ४,८०० रुपयांच्या दाव्याचं समन्स आलंय. शेजारी म्हणतात, गुजरातमध्ये पार्किंग फुकट आहे, हायकोर्टाचा हुकूम आहे, कोर्टात जाऊच नको. काय करू?
– एक वाचक, नवागाम (सुरत)

उत्तर : शेजाऱ्यांचं ऐकू नका. त्यांनी हुकूम ऐकला तो खरा, पण तो तुमच्या प्रकरणाचा नाही. मॉल आणि मल्टिप्लेक्सच्या पार्किंगवरून गुजरात उच्च न्यायालयात वाद गेला होता. २०१८ साली एकल न्यायाधीशांनी पहिला तास मोफत आणि पुढे दुचाकीला २० व चारचाकीला ३० रुपयांची मर्यादा घातली. २०१९ मध्ये खंडपीठाने त्यापुढे जाऊन सांगितलं की मॉलवाल्यांना शुल्क घेण्याचा अधिकारच नाही. इमारतीला परवानगी मिळते ती पार्किंगची जागा सोडण्याच्या अटीवर. तीच जागा पुन्हा भाड्याने लावायची मुभा कायद्यात कुठे दिलेली नाही, असा त्यामागचा विचार होता. तुम्ही गाडी लावलीत ती जागा मुळात पैसे घेऊन गाड्या ठेवण्यासाठीच आहे. तिथलं भाडं तुम्ही देणं लागत होता आणि ते दिलंतही. वाद उरतो तो फक्त ‘दंडा’चा.

त्याआधी समन्सचं बघू. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा कागद नव्हे, तिला उत्तर दिलं नाही म्हणून कोणी हरत नाही. समन्सचं तसं नाही. त्यावर कोर्टाचं नाव, दावा क्रमांक आणि तारीख असते. सीएनआर क्रमांक मिळाला तर तो ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाकून प्रकरण खरंच नोंदलंय का, ते पाहून घ्या. हल्ली समन्ससारखे दिसणारे बनावट कागद व्हॉट्सअॅपवर फिरतात, म्हणून हे सांगतोय. प्रकरण खरं असेल आणि तुम्ही गैरहजर राहिलात, तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो.

समन्सवर लघुवाद न्यायालयाचं नाव असेल, तर आणखी एक मेख आहे. १८८७ च्या प्रांतिक लघुवाद न्यायालय कायद्याच्या कलम १७ नुसार एकतर्फी हुकूम रद्द करून मागायचा, तर अर्जासोबतच हुकुमाची पूर्ण रक्कम कोर्टात भरावी लागते, किंवा आधी वेगळा अर्ज करून कोर्ट सांगेल ते तारण द्यावं लागतं. ही अट सक्तीची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ खटल्यात २००२ साली स्पष्ट केलंय. म्हणजे न जाण्याने पैसे वाचत नाहीत, उलट आधी भरावे लागतात. अशा दाव्यात नेहमीसारखं अपीलही नसतं, फक्त उच्च न्यायालयात फेरतपासणी मागता येते. ४,८०० रुपयांसाठी अहमदाबादच्या फेऱ्या कोण मारणार?

तेव्हा तारखेला हजर राहा. समन्स हाती पडल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. दावा बहुधा गुजरातीत असेल. गुजराती बोलता येतं म्हणून कोर्टाची गुजराती कळतेच असं नाही, जाणत्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. हे महत्त्वाचं अशासाठी, की दाव्यातलं जे विधान तुम्ही स्पष्टपणे नाकारत नाही, ते कबूल केलं असं धरलं जातं. ‘सगळं खोटं आहे’ हे एक वाक्य पुरत नाही. गाडी लावली हे मान्य, भाडं भरलं हे मान्य, दंडाची अट मला सांगितली गेली हे अमान्य, अशी परिच्छेदागणिक उत्तरं हवीत.

आता मुद्द्याचं. खासगी माणसाला दंड करता येत नाही. दंड करतं ते सरकार किंवा कोर्ट. पोलिसांचं ई-चलान वेगळं आणि ठेकेदाराची मागणी वेगळी. ठेकेदाराचा हक्क असलाच तर तो करारातून येतो. म्हणून त्याला विचारा : ही जागा चालवण्याचा तुझा करार किंवा परवाना कुठे आहे, आणि त्या दिवशी तो चालू होता का? पावती हरवल्यास ५०० रुपये, हे गाडी आत घेताना दिसेल असं लिहिलं होतं का? की पावतीच्या मागे बारीक अक्षरात, म्हणजे जी हरवली तिच्यावरच? प्रवेशाजवळच्या फलकाचा फोटो आजच काढून ठेवा, उद्या तिथे नवा फलक लागलेला असायचा.

अट होती असं ठरलं, तरी भारतीय करार कायद्याचं कलम ७४ तुमच्या बाजूला आहे. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ खटल्यात २०१५ मध्ये सांगितलंय. पावती मागतात ती गाडी भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून. तुम्ही आरसी दाखवलीत, भाडं चुकतं केलंत, मग ठेकेदाराचं नुकसान कोणतं? रजिस्टर चाळायला गेलेली पाच मिनिटं! माझ्या मते त्याची बाजू इथेच सर्वांत लंगडी आहे. ५०० चे ४,८०० कसे झाले, त्याचा हिशेबही मागा.

फोनवरून भरलेल्या भाड्याचा पुरावा जपा. नुसता स्क्रीनशॉट नको, बँकेचा उतारा घ्या. मोबाइलमधले फोटो पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

वकिलाची फी दाव्याहून जास्त होईल अशी भीती वाटत असेल, तर ती खरी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करा, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि ठरलेल्या मर्यादेखालच्या उत्पन्नाचे लोक यांना वकील मोफत मिळतो. लोकअदालतीत तडजोड निघाली तर शे-दोनशेवर मिटवायला माझी हरकत नाही, फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नसतं हे लक्षात ठेवून सही करा.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. दुकानाच्या पार्किंगमध्ये वेळ टळली म्हणून खासगी कंपनीने कोर्टाचा दावा पाठवलाय. वरचंच उत्तर त्यालाही लागू का?
– एक आई, दिंडोली (सुरत)

उत्तर : नाही. तिथे ‘नुकसान दाखवा’ हा बचाव बहुतेक वेळा चालत नाही. चेम्सफर्डच्या एका पार्किंगमध्ये दोन तास मोफत होते, बीव्हिस नावाच्या गृहस्थांना ५६ मिनिटं जास्त झाली, आणि ८५ पौंडांची मागणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये योग्य ठरवली. फलक मोठा आणि स्पष्ट होता, हे त्यात निर्णायक ठरलं. मुलाने फलकाचे फोटो काढावेत. गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला माहीत नसेल, तर गाडीच्या नोंदणीकृत धारकाला धरण्यासाठी २०१२ च्या कायद्याने नोटिशीची मुदत आणि मजकूर ठरवून दिलाय. तो पाळला गेला का, ते तपासावं. दावा पोहोचल्यापासून १४ दिवसांत पोच नोंदवली, तर बचाव मांडायला २८ दिवस मिळतात. आणि हरलाच, तर महिन्याच्या आत पूर्ण पैसे भरावेत. नाहीतर निकालाची नोंद सहा वर्षं राहते आणि घराचं कर्ज मागताना आडवी येते.