आवाज गेला, चित्र बिघडले : पार्ट बदलण्याआधी ड्रायव्हर तपासा



दुकानात गल्ल्याशेजारी किंवा घरातल्या बैठकीत कॉम्प्युटर असणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. जीएसटीची बिले, उधारीचा हिशेब, मालाचे फोटो, बाहेरगावच्या गिऱ्हाईकाशी व्हिडिओवर बोलणे, मुलांचा अभ्यास, हे सारे त्या एकाच यंत्रावर चालते. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरू विणणारा असो, जरीकाम करणारा असो की छपाईवाला, अनेकांच्या घरी हे यंत्र आले आहे.

यंत्राबरोबर दोन तक्रारीही आल्या. एक, "आवाजच येत नाही." दुसरी, "पडद्यावरची अक्षरे जाड दिसतात, चित्र अडखळते." आपण घाबरतो आणि मशीन उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेतो. मग तो सांगेल तो पार्ट आणि तो म्हणेल ती किंमत. वास्तविक अशा वेळी पुष्कळदा पार्ट शाबूत असतो. बिघडलेला असतो तो ड्रायव्हर किंवा बदललेली असते एखादी सेटिंग. हे कसे ओळखावे, हे या लेखात क्रमाने पाहू.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग

काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा आवाज अचानक गेला. दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या एका गिऱ्हाईकाशी व्हिडिओवर बोलणे ठरले होते. घाईघाईने आम्ही मशीन दुरुस्तीला दिले. "फॉरमॅट मारावा लागेल," असे उत्तर मिळाले. आम्ही "मारा" म्हणालो. संध्याकाळी मशीन परत आले, आवाजही आला. पण डेस्कटॉपवर ठेवलेले सारे काही पुसले गेले होते. त्यात चार वर्षांची उधारीची नोंद होती. आणि आमच्या थोरल्या चाचांनी हाताने काढलेल्या नक्ष्यांचे फोटोही होते. त्या नक्ष्यांचे मूळ कागद आधीच वाळवीने खाल्ले होते.

पुढे सहा महिन्यांनी पुन्हा तोच आवाज गेला. या वेळी नात्यातल्या एका मुलाने पाहिले. आम्ही नवा मॉनिटर जोडला होता आणि विंडोज आवाज त्या मॉनिटरकडे पाठवत होते. मॉनिटरला स्पीकरच नव्हता. दोन क्लिकमध्ये काम झाले. तेव्हा आठवले की पहिल्या वेळीही आवाज गेला तो मॉनिटर बदलल्यावरच.

त्या दुरुस्तीवाल्याने आम्हाला फसवले असे आम्ही म्हणणार नाही. त्याला एकच औषध ठाऊक होते आणि आम्हाला तेही ठाऊक नव्हते. पैसे गेले त्याचे दुःख नाही. नक्ष्या गेल्या त्या गेल्या.

ड्रायव्हर म्हणजे काय ?

हिमरूच्या जुन्या मागावर दोन माणसे लागत. खाली विणकर बसे. वर बसलेला मदतनीस त्याच्या इशाऱ्यावर नेमक्या दोऱ्या ओढी, तेव्हा नक्षी उमटे. मदतनीस चुकला किंवा आलाच नाही, तर विणकर कितीही तरबेज असो आणि धागा कितीही चांगला असो, कापडावर नक्षी उतरत नसे. पण म्हणून कोणी माग मोडून टाकत नसे.

कॉम्प्युटरमध्ये विंडोज हा विणकर समजा. आवाजाची चिप आणि चित्राचे ग्राफिक्स कार्ड हे दोरे समजा. या दोहोंमधला मदतनीस म्हणजे ड्रायव्हर. तो लोखंडाचा तुकडा नसून एक छोटा प्रोग्राम असतो. प्रत्येक चिपचा ड्रायव्हर वेगळा असतो आणि विंडोजची आवृत्ती बदलली की तोही पुष्कळदा बदलावा लागतो.

पूर्वी हे काम फार किचकट होते. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये आले. त्या काळच्या कार्डांना आयआरक्यू ५ की ७ असे क्रमांक हाताने ठरवून द्यावे लागत. दोन कार्डांनी एकच क्रमांक घेतला की आवाज बंद पडे किंवा मशीन अडकून बसे. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि यंत्राने कार्ड आपण होऊन ओळखण्याची सोय झाली. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने आवाज व चित्र या दोन्हींची रचनाच बदलली. अनेकांची चांगली कार्डे तेव्हा एका रात्रीत मुकी झाली, कारण त्यांचे नवे ड्रायव्हर तयार नव्हते.

ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात काम करू शकतो, म्हणून त्याची चूक महागात पडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे तिचा ड्रायव्हर कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बंद पडण्याचे कारण जळालेला पार्ट नव्हता, एक फाइल होती.

सर्वांत आधी अमानत सांभाळा

काहीही तपासण्यापूर्वी हिशेबाच्या फाइली, गिऱ्हाईकांचे पत्ते आणि नक्ष्यांचे फोटो पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो, हे ध्यानात ठेवा. गिऱ्हाईकाने दिलेली नक्षी ही आपल्याकडची अमानत आहे. तिची एक प्रत घरात आणि एक घराबाहेर असावी.

आवाज येत नसेल तर

१. स्पीकरला वीज आहे काय, त्याचे बटण चालू आहे काय, हे पाहा. डेस्कटॉप मशीनवर स्पीकरची पिन सहसा हिरव्या भोकात जाते. गुलाबी भोक माइकचे असते. साफसफाईनंतर ही अदलाबदल सर्रास होते. मोबाइलचा इअरफोन लावून पाहा. त्यात आवाज आला तर दोष स्पीकरचा.

२. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चित्रावर जा आणि आवाज कोणत्या उपकरणाकडे जात आहे ते पाहा. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला असेल तर तिथे मॉनिटरचे नाव निवडलेले असू शकते. ते बदलून स्पीकर निवडा. आमचे नुकसान ज्या गोष्टीने झाले ती हीच.

३. एवढ्याने भागले नाही तर स्टार्ट बटणावर माउसची उजवी कळ दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात साउंडचा विभाग पाहा. नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर दोनदा क्लिक करा. आत कोड क्रमांक दिसेल. कोड २२ म्हणजे उपकरण बंद करून ठेवले आहे, ते फक्त चालू करा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. इथे आधी ड्रायव्हर बदलून पाहावा.

४. त्याच ठिकाणी उपकरण अनइन्स्टॉल करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. विंडोज पुष्कळदा ड्रायव्हर आपण होऊन परत बसवते. कंपनीचा ड्रायव्हर कुरकुर करत असेल तर अपडेट ड्रायव्हरमध्ये जाऊन यादीतून "हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस" निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आहे. यात खास सोयी मिळणार नाहीत, पण काम अडणार नाही.

५. ड्रायव्हर ठीक दिसत असूनही आवाज नसेल तर सर्व्हिसेसच्या यादीत "विंडोज ऑडिओ" चालू आहे काय ते पाहा. बंद असेल तर सुरू करा.

चित्र बिघडले असेल तर

१. केबल दोन्ही टोकांना नीट बसली आहे काय, ते आधी पाहा. मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लागली पाहिजे. घाईत ती मदरबोर्डच्या भोकात लागते आणि पडदा काळा राहतो.

२. पडदा मध्येच गोठला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडे काम तसेच राहते.

३. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स पाहा. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असे लिहिले असेल तर खरा मदतनीस कामावर नाही असे समजा. अक्षरे जाड दिसणे आणि व्हिडिओ अडखळणे हे त्याचेच लक्षण.

४. बिघाड एखाद्या अपडेटनंतर लगेच झाला असेल तर ड्रायव्हरच्या पानावर "रोल बॅक ड्रायव्हर" हे बटण दाबा. जुना ड्रायव्हर परत येतो. बटण फिके असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग सिस्टिम रिस्टोअरने आधीच्या तारखेवर जाता येते. मात्र त्यासाठी रिस्टोअर पॉइंट आधी करून ठेवलेला असावा लागतो.

५. पडदा दिसतच नसेल किंवा दर वेळी कोसळत असेल तर सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट केले की पुढचे पर्याय येतात. सेफ मोडमध्ये विंडोज साधा ड्रायव्हर वापरते. तिथे चित्र स्वच्छ दिसले तर संशय कंपनीच्या ड्रायव्हरवर घ्यावा. काही लॅपटॉपवर या वेळी ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आधीच वहीत उतरवून ठेवावी.

ड्रायव्हर कोठून घ्यावा ?

लॅपटॉप असेल तर ज्या कंपनीचा लॅपटॉप तिच्याच संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक टाकून. जोडणी केलेले मशीन असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून. मॉडेल ठाऊक नसेल तर विंडोजमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ते लिहिलेले असते. विंडोज अपडेटच्या ऑप्शनल अपडेट्समध्येही ड्रायव्हर मिळतात.

उपकरण "अननोन" दिसत असेल तर डिव्हाइस मॅनेजरच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी पाहा. त्यात कंपनीचा क्रमांक असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया आणि १०ईसी म्हणजे रिअलटेक.

"तुमचे ४७ ड्रायव्हर जुने झाले आहेत" असे ओरडणाऱ्या फुकट प्रोग्रामांपासून चार हात दूर राहा. त्यांतले अनेक आधी भीती घालतात, मग पैसे मागतात आणि काही सोबत नको ते आणतात. आणखी एक गोष्ट. सारे सुरळीत चालले असेल तर सणाच्या किंवा ऑर्डरच्या गर्दीत ड्रायव्हर बदलू नका. मात्र विंडोजचे सुरक्षेचे अपडेट टाळू नयेत. आवाज, चित्र आणि इंटरनेट या तिन्हींचे ड्रायव्हर एका पेन ड्राइव्हवर ठेवा. इंटरनेटचाच ड्रायव्हर गेला तर बाकीचे उतरवणार कशावर ?

पार्ट खरोखर कधी गेलेला असतो ?

मशीन सुरू होताना कंपनीचे चिन्ह दिसते, तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर अजून कामावर आलेला नसतो. त्या वेळीही पडद्यावर रेघा किंवा ठिपके असतील तर दोष मॉनिटर, केबल किंवा कार्डात आहे. दुसरा मॉनिटर व दुसरी केबल लावून पाहा. तरी रेघा राहिल्या तर कार्डच तपासायला द्यावे. कोड ४३ ड्रायव्हर नव्याने बसवूनही पुन्हा पुन्हा येत असेल तरी हाच संशय घ्यावा. आवाजाची चिप खरोखर गेली असेल तरी मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही. यूएसबीला लावायचे छोटे साउंड अडॅप्टर मिळते, ते मदरबोर्डच्या मानाने फारच स्वस्त पडते.

जुन्या मशीनवाल्यांनी एक ध्यानात घ्यावे. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ वर जाण्यापूर्वी आपल्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर आहे की नाही, हे कंपनीच्या पानावर आधी पाहा आणि मगच पाऊल उचला.

दुरुस्तीला देताना

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर जरूर जाणकाराकडे जा. त्याच्या कसबाचे मोल आहे आणि ते द्यावे. परंतु तीन गोष्टी बोलून ठेवा. बिघाड कशात आहे ते दाखवा. बदललेला जुना पार्ट परत द्या. आणि आम्हाला विचारल्याखेरीज फॉरमॅट करू नका. कोड क्रमांक व बिघाडाची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली तर त्याचेही काम हलके होते.

कापड घेताना आपण पोत चाचपून पाहतो, लाकूड घेताना ठोकून पाहतो. मग ज्या यंत्रात आपला हिशेब आणि वडीलधाऱ्यांचा हुन्नर साठवलेला आहे, ते डोळे मिटून दुसऱ्याच्या हाती का द्यावे ? आज रात्री दुकान वाढवल्यावर अर्धा तास काढा. आपल्या फाइलींची एक प्रत करा आणि डिव्हाइस मॅनेजर एकदा उघडून पाहा. मशीन चांगले असतानाचे रूप ठाऊक असले, तर बिघाड आला की तो लगेच ओळखू येतो.