खल्वापाशी बसणाऱ्याचे रक्षण

पारदाचे शोधन, मर्दन आणि कज्जली यांविषयी आपण ग्रंथांत पुष्कळ वाचतो. खल्व चालविणाऱ्या मनुष्याविषयी मात्र औषधनिर्मात्यांच्या चर्चेत फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच्या रक्षणसाधनांचा विचार करावयाचा आहे.

ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगावर काम करीत होत्या. धूर खेचणारे कपाट होते, हातांत लॅटेक्सचे मोजे होते. मोज्यावर काही थेंब पडले आणि जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. हे द्रव्य तशा मोज्यातून १५ सेकंदांच्या आत पार होते, असे नंतरच्या परीक्षणात आढळले. आपला धातुरूप पारद म्हणजे हे संयुग नव्हे. तो अखंड त्वचेतून अल्पच शोषला जातो. तरी साधन त्या द्रव्यासाठीच बनलेले आहे काय, हा प्रश्न आपल्यालाही लागू पडतो.

धातुरूप पारदाचा मुख्य प्रवेशमार्ग श्वास होय. २० अंश सेल्सिअसला पाऱ्याच्या बाष्पाने संपृक्त झालेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे १३ मिलिग्रॅम पारा असतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांसाठी दिलेली मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम होती. या बाष्पाला रंग नाही, गंधही नाही. नाकावर बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी. २०२० नंतर घरोघरी पोहोचलेला एन-९५ मुखपट्टाही कण अडवितो, बाष्प नव्हे. पाऱ्याच्या बाष्पासाठी निर्दिष्ट केलेले कार्ट्रिज असलेला रबरी अर्धमुखवटाच हवा. गंध नसल्याने कार्ट्रिज संपल्याचे नाकाला कळत नाही. म्हणून बदलण्याची मुदत निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे पाळावी. दाढी असल्यास मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हे कामगाराला स्पष्ट सांगावे. अर्थात, खल्वावरील हवा बाहेर खेचणारा पंखा ही पहिली गरज आणि मुखवटा त्यानंतरचा.

२००० साली आलेल्या शेड्यूल टी मध्ये हात, पाय व डोके यांसाठी आवश्यक तेथे कापडी वा कृत्रिम आवरण सांगितले आहे. कापडी मोज्याने नियमाची अक्षरशः पूर्तता होईल, परंतु विणीत अडकलेले पाऱ्याचे कण दिवसभर बाष्प सोडीत राहतील. नायट्राइलचे मोजे वापरावेत. बोटातील सोन्याची अंगठी आधी काढून ठेवावी, आणि कामाचा अंगरखा धुण्यासाठी घरी नेऊ देऊ नये.

पारद सांडल्यास केरसुणी लावू नये. थेंब फुटून बाष्पाचे क्षेत्र वाढते. जाड कागदाने थेंब एकत्र करून ड्रॉपरने उचलावेत व झाकणबंद बरणीत ठेवावेत. वर गंधक भुरभुरण्याची रीत आहे, पण केवळ तीवर विसंबू नये. कज्जली निश्चंद्र होण्यास किती मर्दन लागते, हे वैद्यांना सांगावयास नको!

हरताळ, मनःशिला वा वत्सनाभ यांच्या चूर्णनात मात्र धोका धुळीचा असतो. तेथे नीट बसलेला एन-९५ व बंद चष्मा उपयोगी. कूपीपक्व निर्मितीत गंधकाचा धूरही निघतो, म्हणून पारा व आम्लवायू या दोहोंसाठीचे कार्ट्रिज मागवावे.

शेड्यूल टी प्रमाणे कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी होतेच. ती रक्तदाब व हिमोग्लोबिनवर न भागविता पारदकर्म करणाऱ्यांच्या मूत्रातील पाऱ्याचे प्रमाण मोजून घ्यावे, आणि हाताला कंप, हिरड्यांची सूज, चिडचिड व निद्रानाश यांविषयी आवर्जून विचारावे.