शंका-समाधान : पुराची रेघ आणि वितळलेली घड्याळे

शंका : मी कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ‘अतिवास्तववाद’ आलाय आणि सोमवारी विषय सांगायचाय. मैत्रिणी म्हणतात, स्वप्नात दिसतं ते काढ. पण मला स्वप्नं आठवतच नाहीत, उठले की पाटी कोरी. माझ्यात कल्पनाशक्तीच नाही का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

समाधान : स्वप्न न आठवणे म्हणजे कल्पनाशक्ती नसणे नव्हे. अतिवास्तववाद (स्वप्न आणि जागेपणीचे वास्तव यांची सांगड घालू पाहणारी कलाचळवळ) १९२४ मध्ये पॅरिसला आंद्रे ब्रेताँच्या जाहीरनाम्याने रीतसर सुरू झाला. त्यात स्वप्नांना मोठे स्थान होते, हे खरे. पण बेल्जियमच्या रने माग्रितची कितीतरी चित्रे रोजच्या वस्तूंवरच उभी आहेत. १९५२ च्या ‘पर्सनल व्हॅल्यूज’ या चित्रात साधी झोपायची खोली आहे. फक्त पलंगावर उभा कंगवा पलंगाहून उंच आहे आणि भिंतींच्या जागी ढगांचे आकाश आहे. सगळे इतके शांतपणे रंगवले आहे, की पाहणाराच गोंधळतो.

तुम्हीही घरातल्या पाच वस्तू लिहून काढा. प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा : आकार बदलला तर? जागा बदलली तर? ती वेगळ्याच कशाची बनलेली असती तर? त्यांतला एकच बदल ठेवा, बाकी सारे जसेच्या तसे रंगवा. २०१९ चा महापूर शिरलेल्या सांगलीतल्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ उमटली होती. तीच रेघ, त्याच उंचीवर, कपाटावरून, लग्नाच्या फोटोवरून आणि निवांत चहा पिणाऱ्या माणसाच्या गालावरून गेली तर? विषय तुमच्या घरातच आहे.

शंका : मी वितळणारी घड्याळं काढायची ठरवलीत. निम्मं चित्र झालंय. आता मित्र म्हणतो, ही नक्कल आहे, मार्क जातील. सगळं फाडून टाकू का?
– एक विद्यार्थी, चिपळूण

समाधान : फाडू नका. सरावासाठी थोरांची चित्रे उतरवणे ही जुनी, मान्य रीत आहे. मात्र तेच चित्र ‘स्वतःची कल्पना’ म्हणून देता येणार नाही. शिक्षकांना विचारून ते सरावाचे पान म्हणून जोडा आणि खाली मूळ चित्रकाराचे नाव लिहा.

वितळणाऱ्या घड्याळांचे साल्व्हादोर दालीचे १९३१ चे मूळ चित्र साधारण २४ बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाहून जरासेच मोठे आहे. त्यात मागे दिसणारे कडे त्याच्या स्वतःच्या कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरचे आहेत. विचित्र वस्तू त्याने ओळखीच्या भूमीवर ठेवली. घ्यायची ती ही युक्ती, घड्याळे नव्हेत. तुमच्या ओळखीची भूमी कोणती? वाशिष्ठीचा काठ, एसटी स्टँड, परशुरामचा घाट? सुरुवात तिथून करा.

शंका : माझं ड्रॉइंग कच्चं आहे. माणूस काढला की बाहुला होतो. अतिवास्तववादाचा विषय मला झेपेल का?
– एक विद्यार्थी, परभणी

समाधान : झेपेल. याच चळवळीतल्या मॅक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून वर पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांमध्ये जंगले, पक्षी शोधले. या तंत्राला फ्रोताज (खडबडीत पृष्ठभागाचा घासून घेतलेला ठसा) म्हणतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण हेच करायचो. त्याच चळवळीतल्या मेरेट ओपेनहाइमने तर १९३६ च्या एका कलाकृतीसाठी काही रेखाटले नाही. कप, बशी आणि चमचा केसाळ कातड्याने मढवला, एवढेच. तुम्हीही जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरे कापून चिकटचित्र करा. मात्र कातरकाम स्वच्छ हवे. कडा फाटक्या दिसल्या, तर पाहणाऱ्याचे लक्ष कल्पनेवरून डिंकावर जाते.

शंका : माझी मुलगी अतिवास्तववादाच्या प्रकल्पासाठी डोळे नसलेले चेहरे, तुटलेले हात काढतेय. रात्री वही पाहिली आणि मला झोप लागली नाही. तिच्या मनावर काही परिणाम झाला असेल का?
– एक आई, ठाणे

समाधान : तुमची काळजी रास्त आहे, पण केवळ चित्रावरून मनाचा आजार ठरवता येत नाही. या चळवळीच्या चित्रांत झाकलेले चेहरे आणि सुटे अवयव वारंवार येतात. मुलगी ती पाहूनच शिकत असणार.

लक्ष वहीपेक्षा तिच्या दिवसाकडे ठेवा. झोप, जेवण, मैत्रिणी, हसणे पूर्वीसारखे असेल, तर घाबरू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती उदास किंवा एकटी राहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नका. तिला एकटी सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

तोवर ‘हे असलं का काढतेस?’ असे विचारू नका. ‘हा हात इतका खरा कसा जमला?’ असे विचारा. जमल्याचे सांगता सांगता मुले बाकीचेही सांगतात.