नुसता ‘सोडा’ लिहू नका

प्रश्न : तमिळनाडूतल्या गुम्मिडिपूंडीत मी रसायनशास्त्र शिकवते. वर्गात करून दाखवायच्या प्रयोगांच्या तीन वह्या झाल्यात, पण ऐन तासाला हवा तो प्रयोग सापडत नाही. संगणकावर कसे ठेवू?

उत्तर : बाई, एक्सेलची साधी शीट पुरे. एका ओळीत एक प्रयोग. रकाने संकल्पना, साहित्य, वेळ आणि धोका. खरी मेख आहे साहित्याच्या रकान्यात. नुसता ‘सोडा’ लिहिलात की फसलात. हळदीच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की पाणी लाल होते. खाण्याचा टाकला तर रंग तितका गडद होत नाही. पहिल्याच्या द्रावणाचा पीएच ११च्या आसपास, दुसऱ्याचा ८.३. म्हणून ‘इतर नावे’ हा रकाना हवाच : सोडियम बायकार्बोनेट, खाण्याचा सोडा आणि तुमच्याकडचा ‘आप्प सोडा’. मग शोधताना यातले काहीही टाइप केले तरी तीच ओळ समोर येते. हळदीपुढे ‘मंजळ’ही लिहा, मुलांना तेच ठाऊक.

शेवटी एक ‘शेरा’ ठेवा. समुद्रकाठच्या दमट हवेत कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या वजन करेपर्यंत ओलसर होतात, हे तिथे टिपा; ऐन तासाला पुस्तकात शोधायला वेळ नसतो.

भर घालायची तर रसायनशास्त्राचे प्राध्यापक शखाशिरी यांचे १९८३पासून निघालेले प्रात्यक्षिकांचे खंड चाळा. सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठाच्या ‘ओलॅब्ज’वर आभासी प्रयोगही आहेत, पण वास आणि धूर तिथे नाही. जुन्या वहीत अमोनियम डायक्रोमेटचा ‘ज्वालामुखी’ असेल, तर तो उतरवूच नका. त्यातले क्रोमियम कर्करोगकारक आहे.