वऱ्हाड आलं, भटजी मागेच राहिले

मेघवाडीतल्या आमच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे. कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला. लॅमिंग्टन रोडवरून घेतला आणि ग्रँट रोडहून स्लो लोकलने मांडीवर धरून जोगेश्वरीला आणला. दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला तो मित्राकडून पेनड्राइव्हवर मोटारींच्या शर्यतीचा गेम घेऊनच. क्लिक केलं तर पडद्यावर चौकट: ‘डी३डीएक्स९_४३.डीएलएल’ ही फाईल सापडत नाही.

“मामा, एकच फाईल मागतोय. डाऊनलोड कर ना!”

मलाही ते पटलं. सुट्या डीएलएल फुकट वाटणाऱ्या एका साइटवरून फाईल उतरवली आणि सिस्टम३२ मध्ये टाकली. पुन्हा तीच चौकट. मग गेमच्याच फोल्डरमध्ये टाकली, तर शून्यांची माळ आणि शेवटी ‘७बी’ असा एरर. गेम ३२ बिटचा होता आणि मी आणलेली फाईल ६४ बिटची, हे नंतर कळलं. (६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात, आणि ३२ बिटच्या असतात त्या सिसवाव६४ मध्ये. नावं ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.)

त्याच साइटवर ‘सगळ्या डीएलएल एका क्लिकमध्ये दुरुस्त’ असं हिरवं बटण होतं. दाबलं. अँटीव्हायरस ओरडला, पण त्यावरचं उत्तरही तिथे तयार होतं: अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवा. मी ठेवला. चहा होईपर्यंत एकेका फोटोच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट फुटलेलं आणि फोल्डराफोल्डरात चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे. महाशिवरात्रीला जोगेश्वरीच्या गुंफेबाहेर रांगेत काढलेला आईचा फोटोही त्यात गेला. पैसे दिले नाहीत.

झालं होतं काय, ते सांगतो. गेम ग्राफिक कार्डाशी थेट बोलत नाही, मध्ये दुभाषी लागतो. विंडोजवर हे काम १९९५ पासून मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स करतं. ओपनजीएल त्याहून जुनं, १९९२ चं, आणि व्हल्कन २०१६ चं. डायरेक्टएक्स ९ च्या मदतनीस फाइलींची २४ ते ४३ अशी एक मालिका आहे. गेम जो नंबर मागेल तोच लागतो. ४२ च्या जागी ४३ चालत नाही. विंडोज १० मध्ये डायरेक्टएक्स १२ असलं, तरी ही जुनी मालिका त्यात येत नाही. गेम रीतसर इन्स्टॉल केला, तर बहुधा तोच ती बसवून घेतो. आमच्या पठ्ठ्याने नुसता फोल्डर कॉपी करून आणला होता. वऱ्हाड आलं, भटजी मागेच राहिले.

तेव्हा अशी चौकट आली की आधी फाईलचं नाव कागदावर उतरवून घ्या. नाव ‘डी३डीएक्स९’ने सुरू होत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं जून २०१० चं डायरेक्टएक्स पॅकेज घ्या, साधारण ९५ एमबीचं. ते चालवल्यावर फाइली फक्त एका फोल्डरात सुटतात. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. त्या फोल्डरातलं डीएक्ससेटअप पुन्हा चालवावं लागतं. ‘एमएसव्हीसीपी१४०’ मागितलं तर व्हिज्युअल सी++ चं पॅकेज, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही. ‘व्हल्कन-१’ मागितलं तर कार्ड ज्या कंपनीचं, तिच्याच साइटवरून ड्रायव्हर. सुटी डीएलएल कुठूनही नको. आणि अँटीव्हायरस बंद करायला सांगणाऱ्याचं तर पुढचं वाक्यही वाचू नका.

अजून एक. रन उघडून ‘डीएक्सडायग’ टाइप केलं की पहिल्या पानावर डायरेक्टएक्स १२ लिहिलेलं दिसतं. त्यावर जाऊ नका. डिस्प्लेच्या पानावर ‘फीचर लेव्हल्स’ बघा. आमच्या दुसऱ्या पिढीच्या आय५ मध्ये ती १०.१ वर थांबते. ११ मागणारा गेम तिथे कुठलीही फाईल टाकून चालणार नाही, वेगळं कार्डच घालावं लागेल.

नवी डिस्क घातली, विंडोज नव्याने टाकलं, पॅकेज बसवलं. दहा मिनिटांत शर्यत सुरू झाली. जुनी हार्ड डिस्क कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवली आहे. फोटो अजून उघडत नाहीत.