पोर वाटेवरून ढळतं तेव्हा

पोर एका दिवसात बिघडत नाही. आधी शाळा सुटते. मग रात्री उशिरा घरी येणं सुरू होतं. खिशात पैसे दिसतात. कुठून आले, ते सांगत नाही. आई विचारते, तर अंगावर धावून येतं. आपण म्हणतो, "वय आहे. सुधारेल." आणि एक दिवस कुणाच्या विहिरीवरची केबल चोरीला जाते. गाव आपल्या पोराकडे बोट दाखवतं.

अशा वेळी बाप काठी काढतो. गाव "चोर, चोर" म्हणतं. पण ज्याला सारे चोर म्हणतात, त्याला जवळ कोण करील? चोरच ना!

मग काय करावं? आधी पोराला जेवू घालावं. मग एकट्याला जवळ बसवावं. उधारी झाली का, जुगाराचा नाद लागला का, कुणी धमकावतं का, ते विचारावं. मामा असो, गुरुजी असोत, तो ज्यांचं ऐकतो त्यांना बोलवावं. पोर घर सोडण्याची किंवा जीव देण्याची भाषा करत असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नये. 1098 या नंबरावर फोन लावावा. हा फोन मुलांच्या मदतीसाठी आहे. तो रात्रंदिवस चालतो. पैसे पडत नाहीत. पोर स्वतःही हा फोन करू शकतं.

आणि पोलिसांनी नेलं तर? पोराला लपवू नये. त्याच्यामागोमाग जावं. जन्माचा किंवा शाळेचा दाखला बरोबर घ्यावा. 2015 साली झालेला बाल न्याय कायदा सांगतो: 18 वर्षांखालच्या पोराला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत एक तरी बाई असते. बहुतेक पोरांना जामिनावर घरी सोडतात. वकील करायला पैसा नसेल, तर सरकार फुकट वकील देतं.

पोरानं चूक केली, तर ती चूकच. नेलेली वस्तू त्यानं परत द्यावी. पण ती द्यायला बापानं बरोबर जावं आणि चारचौघांत म्हणावं, "चूक याची आहे. पण पोर माझं आहे."

विचार करू या : आपल्या गावात शाळा सुटलेली पोरं किती? त्यांच्याशी शेवटचं कोण बोललं?